घड्याळाला कशाला दोष?

‘पिच क्लॉकने बेसबॉलची परंपरा मोडली’ हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावा म्हणून २०२३ मध्ये हे घड्याळ आलं आणि तीन तासांवर जाणारा सामना सरासरी २ तास ४० मिनिटांवर आला. १९८० च्या दशकात साधारण एवढाच वेळ लागायचा की! गेलं ते फलंदाजांचं ग्लोव्हजचे पट्टे सोडत-बांधत बसणं. आमच्याकडे न्यू जर्सीत पोरं आता शेवटपर्यंत जागी राहतात.

खरं हरवलंय ते सुरुवातीच्या पिचरनेच सामना संपवणं, आणि त्यावर लेखात चकार शब्द नाही. फर्नांडो व्हॅलेन्झुएला या पिचरने १९८६ च्या एका मोसमात २० सामने एकट्याने पूर्ण केले. २०२२ मध्ये पिचर क्लेटन कर्शॉने नऊपैकी पहिल्या सात इनिंगमध्ये एकाही फलंदाजाला बेसवर (धावेच्या पहिल्या टप्प्यावरही) पोचू दिलं नव्हतं, तरी ८० चेंडूंनंतर त्याला बाहेर काढलं. (दुखापतीनंतरचा पहिलाच सामना होता, मान्य.) तो निर्णय काही घड्याळाने घेतला नव्हता.