मैदान म्हणजे माहेर नव्हे, मान्य!

लेफ्टबॅक, नमस्कार.

तुम्हाला उत्तर द्यायला आठवडा लागला. पहिला मसुदा रागात लिहिला होता, तो दुसऱ्या दिवशी मलाच वाचवेना. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: इंग्लंडमध्ये माझ्या फुटबॉल संघाचे बाहेरगावचे सामने बघायला गेल्यावर वाट्याला आलेले तीन अनुभव मी लिहिले होते. एकदा यजमानांच्या स्टँडमध्ये चोरून बसले तो, एकदा झडतीच्या रांगेत गोल हुकला तो, आणि एकदा सामना संपल्यावर पाऊण तास कुलपाआड ठेवलं तो. त्यावर "लेफ्टबॅक" या नावाने तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंत, "ताई, मैदान म्हणजे माहेर नव्हे. दुसऱ्याच्या गावात जायचं आणि पायघड्या का नाही घातल्या म्हणून रडायचं! यजमानांत जाऊन बसलात ही चूक तुमची. पोलीस आणि स्टुअर्ड होते म्हणून धड घरी आलात. तुमच्या बाजूचे काय सगळे साधुसंत होते? एवढं लागतं तर टीव्हीवर बघा."

माहेरचं वाक्य आवडलं. शीर्षकाला उचललं आहे. (स्टुअर्ड म्हणजे मैदानावर गर्दीची व्यवस्था बघणारे क्लबचे कर्मचारी.)

यजमानांत बसले ही माझीच चूक, त्यावर वाद नाही. अवे एंडची, म्हणजे पाहुण्या चाहत्यांसाठी राखलेल्या भागाची, तिकिटं संपली होती, ओळखीतल्या एकाकडे त्या क्लबचा सीझन पास होता, मोह झाला. यजमानांच्या भागात पाहुण्यांचा चाहता सापडला तर त्याला बाहेर काढता येतं, हे मैदानाच्या नियमांत सरळ लिहिलेलं असतं. स्कार्फ बॅगेच्या तळाशी आणि तोंडाला कुलूप, असं ठरवून गेले. छप्पन्नाव्या मिनिटाला आमचा गोल झाला तेव्हा ओरडले नाही, पण अर्धवट उठले. गुडघे सरळ झाले आणि तसेच परत वाकले, एवढंच. शेजारचे आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाडी सुटली वाटतं?" मी हो म्हटलं आणि वाकून, घट्ट बांधलेली नाडी सोडून परत बांधली. पुढे सामनाभर ते स्वतःच्या संघावर तोंडसुख घेत होते आणि दर वेळी माझ्याकडे वळून "काय, खरं की नाही?" विचारत होते. मी मान डोलवत होते. मूळ लेखात हा प्रसंग मी भीतीचा म्हणून रंगवला. त्या माणसाने मला सांभाळून घेतलं होतं, आणि बहुधा यथेच्छ मजाही लुटली होती.

शिव्यांचं म्हणाल तर लेख पुन्हा वाचा, त्याबद्दल एका ओळीची तक्रार सापडणार नाही. आपण दोन गोलांनी मागे पडलो की अख्खा स्टँड एका सुरात "आता का हो गप्प?" असं विचारणार, आणि बरोबरी झाली की तोच प्रश्न आपण त्यांना परत करणार. ही देवघेव तिकिटाच्या पैशातच धरलेली असते. गैरसोयीचंही तसंच. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर पाहुण्यांना पार वर, सातव्या पातळीवर बसवतात. चौदा जिने चढून धापा टाकत पोचायचं आणि मग कुठला खेळाडू कुठला ते चालीवरून ओळखायचं. लूटनच्या केनिलवर्थ रोडला अवे एंडचं दार घरांच्या रांगेत आहे. घराखालून आत शिरायचं आणि जिना चढताना लोकांची परसदारं बघत जायचं. कुरकुर सगळे करतात, पण घरी आल्यावर सगळ्यात आधी हेच सांगतात.

माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते लेखात नीट उतरलं नाही, हा दोष माझा. यजमानांच्या चाहत्यांनी मला शत्रुपक्षाची समजावं, बेलाशक. पण मला तिकीट विकणाऱ्यांनीच मला आधीपासून संशयित धरावं, हे मला टोचतं. झडतीचा प्रसंग म्हणून परत सांगते, या वेळी जरा नीट.

दुसऱ्या श्रेणीतला क्लब, तीनचा सामना. मी अडीचच्या सुमारास रांगेत लागले. पाहुण्यांच्या दाराशी झडती घेणारे सहा पुरुष आणि एक मुलगी. बाईची झडती बाईनेच घ्यायची, हा नियम योग्यच आहे. त्यामुळे पुरुषांची रांग सरसर पुढे जात होती आणि आम्ही साठेक बायका-मुली त्या एकीसमोर उभ्या. विशी-बाविशीची असेल. हातमोजे तिच्या हाताला मोठे होते, दर पिशवीत हात घालण्याआधी ते मनगटाशी वर ओढायची आणि दर बाईला "सॉरी" म्हणायची. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतलं. झाकण लावलेली भरली बाटली फेकता येते, उघडी सांडते, असा त्यामागचा हिशेब. माझ्यापुढे आईबरोबर आलेली नऊएक वर्षांची मुलगी होती. तिच्या झेंड्याची प्लॅस्टिकची काठी जप्त झाली. ती झेंडा अंगाभोवती गुंडाळून उभी राहिली.

तीन वाजून गेले, सामना सुरू झाला, आम्ही बाहेरच. आणि मग तो आवाज आला. मैदानाबाहेर उभं राहून गोल कुणाचा हे ओळखता येतं. यजमानांचा असेल तर गर्जना चारी बाजूंनी उठते. पाहुण्यांचा असेल तर एकाच कोपऱ्यातून येते, आणि त्या कोपऱ्याखाली तुम्ही उभे असाल तर आधी डोक्यावरच्या काँक्रीटमधून हजार पायांचा धडधडाट ऐकू येतो, ओरडा नंतर. त्या मुलीने आईला विचारलं, "आपला का?" आई म्हणाली, "आपलाच." दोघी रांगेतच नाचल्या. झडती घेणारी मुलगी हसली आणि परत "सॉरी" म्हणाली. आम्ही आत पोचलो तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. त्या दिवशी आमचा तेवढा एकच गोल झाला.

त्या मुलीवर माझा काडीचा राग नाही. पाहुण्यांना किती तिकिटं दिली ते क्लबला कित्येक दिवस आधी माहीत असतं. त्यात बायका असणार हे कळायलाही ज्योतिषी लागत नाही. "झडती हवीच" असं तुम्ही म्हणता. हवी ना. मग ती घेणारी माणसंही ठेवा.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ऐंशीच्या दशकाचा: चाहत्यांनी दंगली केल्या म्हणूनच हा बंदोबस्त आला. 13 मार्च 1985 ला लूटनच्या मैदानावर मिलवॉल क्लबविरुद्धच्या सामन्यात झालेल्या दंगलीची तुम्ही आठवण करून दिलीत. त्याच वर्षी 29 मेला ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी युव्हेंटसच्या बाजूला धाव घेतली, भिंत कोसळली आणि 39 माणसं गेली. हे नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. पण पुढची चार वर्षं सोडून गोष्ट थांबवू नका. गर्दी म्हणजे दंगल, हे व्यवस्थेच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की उभं राहून सामना बघण्याच्या जागेभोवती कुंपणं आणि आत गुरांच्या कोंडवाड्यासारखे कप्पे, हाच बंदोबस्त वाटत होता. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा एफए कप या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. मैदान तिसऱ्याच क्लबचं, म्हणजे दोन्हीकडचे चाहते पाहुणेच. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभं राहणाऱ्या 10,100 जणांसाठी सात फिरती दारं होती. बाहेर चेंगराचेंगरी व्हायला लागली तेव्हा पोलिसांच्या हुकमाने बाहेर पडण्याचं मोठं दार उघडलं, आणि लोंढा बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, तिकडे वळवायला कुणी नव्हतं. जीव वाचवायला माणसं कुंपणावर चढली, तेव्हा सुरुवातीला पोलिसांना ती मैदानातली घुसखोरी वाटली. 97 जण गेले. चाहत्यांनीच दार फोडलं, असं आधी सांगितलं गेलं. चाहत्यांचा दोष नव्हता हे ज्युरीने सांगेपर्यंत 2016 उजाडलं.

हे जुनं झालं म्हणाल, तर 28 मे 2022, पॅरिस, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. दारांबाहेर लिव्हरपूलचे चाहते तासन् तास अडकलेले, त्यांच्यावर अश्रुधूर सोडलेला, आणि आत पडद्यावर झळकलं की चाहते उशिरा आल्यामुळे सामना लांबला आहे. 2023 मध्ये आलेल्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे सामना भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेची, ठरवली आणि कुणाचा जीव गेला नाही हेच आश्चर्य, असंही म्हटलं.

आणि तुम्ही "काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला" असंही विचारलंत, म्हणून स्टोक सिटीच्या चाहत्यांची गोष्ट. नोव्हेंबर 2008, मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना. मैदानापासून दूर एका पबमध्ये ही मंडळी बसली होती. पोलिसांनी गोंधळ होण्याची शक्यता धरून एका कलमाखाली सरसकट सगळ्यांना बसमध्ये घातलं आणि सामना न बघता स्टोकला परत पाठवलं. नंतर पोलिसांना भरपाई द्यावी लागली. त्यांनी काय केलं होतं? तिकीट काढलं होतं.

"टीव्हीवर बघा" हा सल्ला तुमचा पहिला नाही. मिलवॉलच्या दंगलीनंतर लूटनने 1986 पासून चार मोसम पाहुण्या चाहत्यांना दार बंद केलं होतं. त्या हट्टापायी त्यांना पहिल्याच वर्षी लीग कप या स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. अर्जेंटिनात 2013 मध्ये ला प्लाता इथे लानूस क्लबचा एक चाहता मैदानाबाहेर पोलिसाच्या रबरी गोळीने मेला, आणि बंदी आली ती पाहुण्या चाहत्यांवर! उलट इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2016-17 पासून पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली. त्यात दयाबुद्धी थोडी, हिशेब जास्त. समोरच्या कोपऱ्यात तीन हजार माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत नसतील तर टीव्हीवर तुम्ही जे बघता त्यालाही चव राहत नाही.

राहिला साधुसंतांचा प्रश्न. पहिल्या मसुद्यात मी तो टाळला होता.

पाऊण तास कुलपाआड ठेवलं त्या संध्याकाळची एक गोष्ट मी लेखात लिहिलीच नव्हती. पाऊस होता, चहाची खिडकी बंद झाली होती, फाटक कधी उघडणार ते कुणी सांगत नव्हतं. माझी गाडी चुकणार हे एव्हाना नक्की झालं होतं. फाटकाशी एक वयस्क स्टुअर्ड उभा होता, साठीपुढचा. मी त्याला दोनदा विचारलं, किती वेळ लागेल? तो बोलला नाही. लेखात मी त्याच्याबद्दल लिहिलं, "दगडासारखा उभा होता." मी विचारण्याच्या थोडं आधी काय झालं होतं ते मात्र गाळलं. त्या क्लबच्या इतिहासात एक दुर्घटना आहे. कोणती ते लिहीत नाही, मैदान ओळखू येईल. माझ्या मागे आमच्याच रंगाचे स्कार्फ घातलेल्या दोघांनी त्या दुर्घटनेवर गाणं म्हटलं. पूर्ण कडवं, टाळ्यांच्या ठेक्यात. स्टुअर्ड दोन हातांवर होता. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. ते त्याच्याच गावात घडलं होतं. त्याने तिथे कुणाला गमावलं असेल की नाही, मला माहीत नाही. माझ्या शेजारची बाई त्या दोघांवर खेकसली, "लाज वाटू दे." मी मोबाइलमध्ये गाडीचं वेळापत्रक बघत होते. म्हणजे तसं दाखवत होते, गाडी कधीच गेली होती. आणि मग मीच त्या माणसाला जाऊन विचारलं, किती वेळ लागेल.

असल्या गाण्यांवर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली खटला भरता येतो, असं इंग्लंडच्या सरकारी वकिलांच्या खात्याने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या दोघांना कुणी हात लावला नाही. फाटक उघडल्यावर ते माझ्या आधी बाहेर पडले.

यामुळे कोंडून ठेवणं योग्य ठरतं, असं मात्र मी मानणार नाही. फाटक गाण्याच्या आधीच बंद झालं होतं. गायले दोघे, अडकले पंधराशे, त्यात लहान पोरं होती. वीस मिनिटं लागतील एवढं कुणी कर्ण्यावरून सांगितलं असतं तरी निम्मी चिडचिड गेली असती. दुसऱ्या एका मैदानावर असं सांगितलं होतं, तिथे माणसं पायऱ्यांवर बसून गप्पा मारत होती.

मूळ लेखात आज बदल केले आहेत. "दगडासारखा" काढून त्या जागी तिथे जे घडलं ते लिहिलं आहे. आजोबांच्या प्रसंगावरचं "थरकाप" हे उपशीर्षक उडवलं आहे. झडतीचा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.