न संपणारा डबा

आमची ही सांगलीत घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातल्या वस्तू विकते. डबे, बाटल्या, तवे, दोरी ओढली की कांदा चिरणारं यंत्र, असं सगळं. या धंद्यात एकच मोठी खोट आहे, ती म्हणजे माल चांगला आहे. डबा फुटत नाही, गळत नाही, मुंग्या आत जात नाहीत. एकदा घेतला की गिऱ्हाईक जे समाधानी होतं, ते कायमचंच. परत फिरकत नाही. फिरकलंच तर चिरलेलं झाकण घेऊन फिरकतं, कारण वर आजन्म गॅरंटी आहे. आजन्म म्हणजे डब्याचा, गिऱ्हाइकाचा की कंपनीचा, हे कुठे लिहिलेलं नाही. निस्तरायचा मात्र माझा जन्म.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई गावभागात शिरली, तेव्हा माझ्या मेहुणीच्या घरातला पोह्यांचा डबा पाण्याबरोबर तरंगत माळ्यावर जाऊन बसला. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना सापडला. उघडला, तर आतले पोहे कोरडे ठणठणीत. मेहुणी रडत होती, आणि ही त्या डब्याचा चारही बाजूंनी फोटो काढत होती. त्या एका फोटोवर हिने विश्रामबागपासून मिरजेपर्यंत जो धंदा केला, तो कंपनीच्या सगळ्या रंगीत पुस्तिकांनी मिळूनही केला नसेल.

पण नातेवाईक किती असणार? मी पतसंस्थेत वसुली बघतो. मला हा हिशेब कळतो. आमच्या नात्यात आता दोनच जाती उरल्या आहेत: डबे घेतलेले आणि आम्हाला बघून रस्ता ओलांडणारे. लग्नाचं आमंत्रण आलं की ही आधी विचारते, मुलीकडचे कुठले? नवा गाव, नवी माणसं, म्हणजे नवी ऑर्डर. एका बारशाला तर हिने पाळण्याजवळच झाकण दाबून हवा काढून दाखवली. पाळण्यातलं पोर दचकून रडलं, पण तीन बायकांनी सेट बुक केला.

दिवाळीनंतर कंपनीची मीटिंग होती, कोल्हापुरात, हॉटेलच्या हॉलमध्ये. आम्हा नवऱ्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं. तिथे हिच्या अपलाईन मॅडमनी, म्हणजे हिला या धंद्यात आणणाऱ्या वरच्या बाईंनी, माईक हातात घेऊन जाहीर केलं, "आता आपण फूडमध्ये उतरतोय!" मसाले, सूप, इडली-डोशाची तयार पिठं आणि नाचणीची बिस्किटं. टाळ्या झाल्या. मग मॅडमनी प्रश्न टाकला, "डबा किती वर्षं टिकतो?" हॉल एका सुरात म्हणाला, "वीस!" "आणि मसाला?" "महिना!" "म्हणजे काय?" "रिपीट सेल!" इथे पुन्हा टाळ्या. शेजारचा इचलकरंजीचा नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्हणजे आता सुटका न्हाई."

मॅडमचा अभ्यास दांडगा. अमेरिकेत पॅम्पर्ड शेफ म्हणून एक कंपनी आहे. डोरिस ख्रिस्तोफर नावाच्या बाईंनी शिकागोजवळ 1980 साली ती काढली, विमा पॉलिसीवर तीन हजार डॉलरचं कर्ज घेऊन. घरगुती मेळावे भरवून स्वयंपाकाची भांडीकुंडी विकायची आणि सोबत मसाले, सॉस वगैरेही. 2002 मध्ये ती कंपनी वॉरन बफेटच्या बर्कशायर हॅथवेने घेतली. बफेटचं नाव निघताच हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की जणू ते स्वतः सांगलीचं टार्गेट विचारायला येणार आहेत. पॉलिसीवरचं कर्ज ऐकून माझं लक्ष तेवढं तिथेच अडकलं. ही माझ्याकडे वळून बघत होती. आमचीही एक पॉलिसी आहे.

"अहो, मग काय वाटतं तुम्हाला?" परतीच्या एसटीत हिने विचारलं. दोन महिने माल विकून बघायचा आणि मग फॉर्मवर मत लिहून द्यायचं होतं. खाण्याच्या धंद्यात जावं की नाही, होय किंवा नाही, कारणांसह.

मी म्हणालो, अगं, हा मेळाव्याचा धंदा मुळात निघाला का ते बघ. टपरवेअरवाल्या टपरसाहेबांनी 1946 साली अमेरिकेत प्लॅस्टिकचे डबे दुकानात ठेवले, ते तिथे पडून राहिले. लोकांना झाकण लावताच येईना. मग ब्राऊनी वाइज नावाच्या बाईंसारख्या विक्रेत्यांनी घरी बायका जमवून झाकण कसं दाबायचं ते दाखवलं आणि माल धडाधड खपला. इतका, की 1951 मध्ये साहेबांनी दुकानातला माल काढूनच घेतला. म्हणजे बायकांना घरात जमवायची गरज झाकणामुळे पडली. मसाल्यात काय दाखवणार? पुडीचा कोपरा कसा कापायचा?

"शिजवून दाखवायचं," ही म्हणाली.

"आणि खायला घालायचं."

"मग? कोरडंच दाखवणार का?"

यावर मी पुढे बोललो नाही, कारण मला पातेली दिसायला लागली होती. डब्याच्या डेमोला चहा आणि भडंग पुरतं. मसाल्याच्या डेमोला तांबडा रस्सा लागणार, भाकऱ्या लागणार, आणि बायकांबरोबर त्यांची पोरं येणार. घासायला डेमोनंतर कोण उरतं ते मी अनुभवाने सांगू शकतो.

माल आला. डबे आजवर आमच्या पलंगाखाली राहत असत. एकात एक बसलेले, शिस्तीचे, बिनवासाचे भाडेकरू. आता तिथे मसाल्याचे खोके आले. आठवड्याभरात गादीला गरम मसाल्याचा वास लागला, उशीला सांबाराचा. पतसंस्थेत शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी एकदा म्हणाले, "आज डब्यात बिर्याणी दिसतेय." डब्यात मेथी होती. बिर्याणी मी होतो.

शिवाय कायदा. डब्याला कायद्यात फारसं कुणी विचारत नाही. खायची वस्तू म्हटली की अन्नसुरक्षा आली, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आला, पाकिटावर मुदत आली. डबा जुना झाला तर 'पहिल्या लॉटचा आहे, आता असा येत नाही' म्हणून भाव खातो. सूपला हे शोभत नाही. थेट विक्रीचे 2021 चे केंद्र सरकारचे नियमही मी हिला वाचून दाखवले. त्यात लिहिलंय, की विक्रेत्याने ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ यांशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. ही म्हणाली, "म्हणजे आत्याबाईंकडे जाताना मी गळ्यात कार्ड अडकवू?" मी म्हटलं, कायदा तसाच आहे. तिने खरंच अडकवलं.

आत्या हरिपूरची. म्हणजे हळदीच्या घरची. हरिपुरात पूर्वी जमिनीत पेवं असत, भुयारासारखे खोल खड्डे. हळद त्यात भरून तोंड बंद करायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. 2005 च्या पुरात त्यातली बरीचशी खचली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आत्या म्हणाली होती, "सरकारला आत्ता कळलं व्हय?" अशा बाईपुढे आमच्या हिने पाच ग्रॅमची हळदीची नमुना पुडी ठेवली.

आत्याने आधी गळ्यातलं कार्ड वाचलं, फोटो आणि सून ताडून बघितली. मग पुडी फोडून चिमूट तळहातावर चोळली. "ही हळद आजारी हाय."

मग मसाला. आत्याने नाकाजवळ नेला आणि कोर्टात निकाल वाचतात तशी वाचत गेली. धने जास्त, तेही जुने. खोबरं नावाला. मिरची एकाच जातीची. आता हे खरंच अवघड आहे. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाची चटणी. मार्च-एप्रिलात मिरच्या आणायच्या, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला शेजारच्या घराचं प्रमाण चुकलेलं वाटतं. मग देठं खुडायची, उन्हात टाकायची, कांडपावर पहाटे नंबर लावायचा, आणि आपल्या आधीच्याच्या मिरच्यांचा भुगा आपल्यात येऊ नये म्हणून मशीनवाल्याच्या उरावर उभं राहायचं. इतकं करून जी चटणी घरी येते, तिच्यापुढे चकचकीत पाकीट ठेवणं म्हणजे माहेरवाशिणीपुढे हॉटेलचं जेवण ठेवणं. तिने नाव ठेवलं नाही तर आजारी समजावं.

"अगं पोरी," आत्या म्हणाली, "डबा चांगला हाय म्हणून मी घेतला. डब्यात काय घालायचं ते तू सांगू नगंस."

माझ्या मते सगळ्या धंद्याचा निकाल या वाक्यात लागला होता. हिचे मोठे डबे खपतात ते कधी? उन्हाळ्यात. चटणी, कुरडया, सांडगे, पापड, लोणची, सगळी बेगमी घालायला. वर्षाचं घरात करून ठेवणाऱ्या बाईलाच पाच किलोचा हवाबंद डबा लागतो. तिला महिन्याच्या महिन्याला पुडी आणून खायची सवय लावली, तर ती डबा कशाला घेईल? पुडीला रबर लावून ठेवील. आपणच आपल्या गिऱ्हाइकाच्या हातातला डबा काढून घ्यायचा आणि वर त्याला रिपीट सेल म्हणायचं!

ही ऐकून घेते, हा तिचा गुण आहे. मान्य करत नाही, हा दुसरा. "तुमची आत्या झाली," ती म्हणाली. "पुण्यातल्या तुमच्या भाच्यांचं काय? त्यांच्याकडे चटणीला डबा कुठंय? माळा कुठंय? आणि मिरच्या वाळवायला गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे." हे खरंच होतं. शिवाय टपरसाहेबांच्या कंपनीने 2024 च्या सप्टेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला, हेही तिला मॅडमनी सांगितलेलं. त्याला इतरही कारणं असणार, पण हिने त्यातलं एकच उचललं: "नुसते डबे विकणाऱ्यांचं काय होतं बघा!" वसुलीवाल्या माणसापुढे दिवाळखोरीचं उदाहरण दिलं, की तो नाही म्हटलं तरी नरम पडतो.

पहिल्या महिन्यात सूपची पाकिटं दोघांनी घेतली. एक मी, एक मेहुणी. नाचणीची बिस्किटं दारावर आलेल्या कुरिअरच्या पोराला दिली, त्याने आठवड्याने पार्सल शेजारी ठेवलं. भाच्यांनी पुण्याहून कळवलं, "मामी, मस्त! पण हेच इथे दहा मिनिटांत घरपोच येतं." महिनाअखेर आली. टार्गेटचा आकडा भरेना. ही रात्री उठून कॅल्क्युलेटर बघायची.

आणि मग कंपनीने स्कीम काढली. कुठलीही चार खाद्यपाकिटं घ्या, त्यावर अर्धा लिटरचा डबा फुकट.

मी पतसंस्थेतून घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग. गेली कित्येक वर्षं आम्हाला बघून रस्ता ओलांडणाऱ्या बायका आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. सांबार मसाला कसला, सूप कुठल्या चवीचं, कुणी विचारत नव्हतं. विचारत होत्या, "झाकण निळं आहे का हिरवं?" मधोमध आत्या. हळद आजारी म्हणणारी आत्या! तिने आठ पाकिटं घेतली आणि दोन डबे ओट्यावर ठेवून झाकणं दाबून बघितली. मी विचारलं, "आत्या, एवढ्या सूपचं काय करणार?"

"ते बघू," ती म्हणाली. "हवाबंद हाय न्हवं?"

टार्गेट झालं. त्याच्यावर आणखी अर्धं झालं. ही मीटिंगला पुढच्या रांगेत बसली, तिचा सत्कार झाला, मॅडमनी माईकवर सांगितलं की सांगलीने फूड स्वीकारलं. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा हिने 'होय'वर खूण केली. कारणं लिहायला मला बसवलं.

मग संक्रांत आली. हिला हळदीकुंकवाची बोलावणी भरपूर, कारण सगळी जुनी गिऱ्हाइकं पुन्हा माणसांत आली होती. एरवी वाण म्हणून कंगवा, चाळणी, साबणाची वडी, असं काही मिळतं. त्या संध्याकाळी ही पहिल्या घरून टोमॅटो सूपचं पाकीट घेऊन आली. दुसऱ्या घरून सांबार मसाला. मेहुणीकडून इडलीचं पीठ. रथसप्तमीपर्यंत रोज ओटीत तिळगुळाखाली आमचाच माल परत येत होता. शेवटी आत्याच्या घरून चार पाकिटं एकदम आली, वर चिठ्ठी, 'मुलांना कर.' मुलं आम्हाला होती तेव्हा लहान होती, आता दोघंही बंगळुरात आहेत.

मी पाकिटं उलटी करून मुदत बघितली. बहुतेकांची फेब्रुवारीअखेर.

"अहो, आता ऐका," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढच्या महिन्यात पाच पाकिटांवर एक लिटरचा डबा आहे. आणि तुम्ही आज जेवायला भाजी नको म्हणा, सूप करते."