मेन बटण

आमच्या डेस्कटॉपला मध्यंतरी रोज सकाळी १ जानेवारी २०१२ असायची. बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात येणार, सीमॉस चेकसम एरर, म्हणजे जपून ठेवलेली सेटिंग्ज बिघडली, डिफॉल्ट म्हणजे कंपनीची मूळ सेटिंग्ज लोड केलेत, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. दाबायचे मी, दुसरं करणार काय. मग विंडोज आली तर आली, आणि आली की खाली कोपऱ्यात २०१२.

आता तारीख चुकली म्हणून काय आभाळ कोसळतंय असं कुणालाही वाटेल, पण बँकेची साईट उघडून बघा. लगेच लाल अक्षरात 'तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही'. कारण बँकेचं सर्टिफिकेट या वर्षीचं आणि आमचा पठ्ठ्या बसलाय २०१२ मध्ये, त्याच्या हिशोबाने ते अजून सुरूच झालेलं नाही, मग तो कशाला विश्वास ठेवतोय! मेल उघडेना, वीजबिल भरता येईना, आणि आईने सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल सेव्ह केली तर ती जुनी तारीख घेऊन फोल्डरच्या पार तळाला जाऊन बसली आणि आई दुपारभर 'डिलीट झाली गं' करत फिरली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होऊन मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, डिफॉल्ट लोड करायचं म्हणजे सगळंच डिफॉल्ट. हार्डडिस्कशी बोलायच्या पद्धतीचं सेटिंग एएचसीआय होतं ते परस्पर जुन्या आयडीई पद्धतीवर करून टाकलं, विंडोज टाकलेली एएचसीआयवर, त्यामुळे ती अर्ध्यात येऊन निळा स्क्रीन दाखवून परत रिस्टार्ट, परत निळा, परत रिस्टार्ट. दुकानातला मुलगा आला, त्याने सीपीयूचा डबा उघडलासुद्धा नाही, लांबूनच निळा रंग बघून म्हणाला, "मॅडम, हार्डडिस्क गेली. एसएसडी टाकू, विंडोज नवीन मारू." खालच्या मजल्यावरचे काका व्हायरसवर ठाम. त्यांच्या मते कॉम्प्युटरला होणारं सगळं व्हायरसनेच होतं, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी. मी आपलं चालू करता करता डिलीट बटण टपाटपा मारायचं, बायोसमध्ये शिरायचं, तारीख, बूटचा क्रम, एएचसीआय, सगळं लावायचं, एफ-टेनने सेव्ह करायचं. दिवसभर गुणी. रिस्टार्ट केला तरी सगळं आठवतंय. सकाळी परत लग्नात भेटणाऱ्या लांबच्या आत्यासारखं, "तू कुणाची गं?"

धागा सापडला तो बाबांमुळे, म्हणजे ते घरात नसल्यामुळे. बाबा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला साताऱ्याला गेले आणि इकडे कॉम्प्युटर ठणठणीत. रोज सकाळी बरोबर तारीख, एफ-वन नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. बाबा परत आले, बॅग ठेवली, दुसऱ्या दिवशी २०१२.

तर बाबांचं असं आहे की रात्री झोपायच्या आधी त्यांची घरभर फेरी असते. टीव्हीचं मेन बटण, सेट-टॉप बॉक्सचं, मायक्रोवेव्हचं, आणि कॉम्प्युटरचं. शटडाउन म्हणजे बंद नव्हे, भिंतीवरचं बटण खाली गेलं म्हणजे बंद. आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर नुसता शटडाउन केला पण भिंतीवरचं बटण चालू असलं तर एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला, पाच व्होल्टचा बारीक पुरवठा चालूच ठेवतो, घड्याळ आणि सेटिंग्ज त्यावर जगतात. मेन बटण पडलं की तो भार सगळा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर, म्हणजे सेलवर. आमचा सेल मेला होता, पण हे फक्त बाबा घरी असतानाच कळत होतं.

आयबीएमचा १९८१ चा पहिला पीसी याबाबतीत प्रामाणिक होता म्हणायचा. त्यात बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं, चालू केला की डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम, तारीख विचारायचं, मग वेळ विचारायचं. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये मोटोरोलाची घड्याळवाली चिप आली, तिच्यात मेमरी किती तर ६४ बाइट, त्यातले १४ घड्याळाचे, उरलेल्या ५० मध्ये सेटिंग्ज. एवढ्याशासाठी हा जन्मभराचा सेल.

सीपीयू उघडला. आत धूळ, पालीची दोन अंडी, आणि सेल नेमका ग्राफिक्स कार्डच्या खाली, कारण मदरबोर्ड बनवणाऱ्यांना तीच जागा सापडते. कार्ड काढलं, बाजूची क्लिप दाबली, टुणकन उडून सोफ्याखाली गेला. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. घेऊन गेले कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे. त्याने मीटर लावला, नवा तीनच्या वर दाखवतो, आमचा २.४. "उतरलाय ताई. कुठल्या घड्याळातला?" म्हटलं कॉम्प्युटरमधला. "मग तेच की," म्हणाला आणि ४० रुपये घेतले. आणि खरंच तेच की, मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झ असतो तसलाच मदरबोर्डवर असतो. इतक्या सगळ्या तज्ज्ञांमध्ये रोग ओळखला तो घड्याळवाल्याने, तोही हार्डडिस्क न विकता.

सेल बसवला, अधिकची बाजू वर, सगळी सेटिंग्ज शेवटची म्हणून एकदा भरली, आणि रात्री फेरीच्या वेळी बाबांना गाठलं. म्हटलं, बाबा, तुमच्या या बटणामुळे सेल लवकर संपतो, कॉम्प्युटरचं तरी चालू ठेवत जा. बाबांनी चष्मा लावला आणि वीजबिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडायला घेतला. "बंद असताना किती खातो?" म्हटलं, दोन वॅट धरा. "रात्रीचे नि इतर मिळून चौदा तास. वर्षाचे झाले दहा युनिट. युनिटला दहा रुपये धर, शंभर रुपये. आणि सेल केवढ्याला?"

"चाळीस."

"किती वर्षं टिकतो, बटण बंद करूनसुद्धा?"

"दोन-तीन तरी टिकेल."

बाबांनी बिल घडी करून खिशात ठेवलं, कॉम्प्युटरचं बटण खाली केलं, आणि म्हणाले, "उद्या येताना दोन घेऊन ये."