‘परवानगीशिवाय कॉल रेकॉर्ड केला तर दोन वर्षं आत’: हे फॉरवर्ड वाचून रेकॉर्डिंग पुसू नका

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला एक टेम्पोवाला राहतो. कर्जाचे दोन हप्ते थकले होते. वसुलीवाल्याचा रात्री पावणेदहाला फोन आला आणि त्याच्या आईवरून शिव्या झाल्या. फोनमध्ये ऑटो रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे शब्दन्‌शब्द साठवला गेला. चार दिवसांनी तो माझ्याकडे तक्रारअर्ज लिहून घ्यायला आला. म्हटलं, आधी ऐकव. तर म्हणाला, "दादा, ते डिलीट केलं मी. ग्रुपवर आलं होतं ना, दोन वर्षं जेल म्हणून."

ग्रुपवरचं ते बहुतेक तुमच्याकडेही आलं असेल. सुरुवातीला लाल दिवे, शेवटी ‘जनहितार्थ जारी’, आणि मध्ये पाच दावे: समोरच्याला न विचारता फोन रेकॉर्ड करणं हा आयटी कायद्याच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षं, हायकोर्टानंही तेच सांगितलंय, असं रेकॉर्डिंग कोर्टात चालत नाही, आणि म्हणून तर गुगलनं रेकॉर्डिंगची अ‍ॅप बंद केली.

कलम ७२ पासून सुरू करू. हे कलम कोणाला लागतं? या कायद्यानं दिलेले अधिकार वापरताना ज्याच्या हाती दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक माहिती, पत्रव्यवहार, कागदपत्रं आली आणि ज्यानं ती त्या माणसाच्या संमतीवाचून तिसऱ्याला दिली, त्याला. अधिकाराच्या खुर्चीत बसून माहिती फोडणाऱ्यासाठी ते आहे. टेम्पोवाल्याला आयटी कायद्यानं कसला अधिकार दिलाय? त्याला फोन आला, त्यानं उचलला, एवढंच. आणि स्वतःचा कॉल साठवण्याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आणून दाखवाल, तर त्याच्या कलम ३ नं व्यक्तीच्या खाजगी आणि घरगुती वापराला आधीच बाहेर ठेवलंय.

मग जेलची ही भीती आली कुठून? माझ्या मते फोन टॅपिंगच्या बातम्यांतून. टॅपिंग हा खराच गुन्हा आहे. दोघं बोलताहेत आणि तिसरा चोरून कान लावतोय, हा तो प्रकार. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सरकारलाही त्यासाठी बंधनं घालून दिली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण बोलणाऱ्या दोघांपैकीच एकानं आपलं संभाषण ठेवून घेतलं तर तिथे तिसरा कान आहे कुठे?

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचं उत्तर मुंबईतल्याच एका प्रकरणातून आलंय. १९६४ साल. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारं कोरोनर हे पद तेव्हा मुंबईत होतं. एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालेला पेशंट पुढे बॉम्बे हॉस्पिटलमध्ये दगावला आणि कोरोनरनं नर्सिंग होमच्या डॉक्टरकडे पैसे मागितले. निरोप जात होते दुसऱ्या एका डॉक्टरांमार्फत. लाचलुचपतवाले टेपरेकॉर्डर घेऊन त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या घरी गेले, त्यांच्या संमतीनं तो फोनला जोडला, आणि कोरोनरसाहेब टेपवर सापडले. साहेबांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या वकिलांनी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम २५ काढलं: ही तारेशी छेडछाड आहे! १९७२ मध्ये ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. बोलणाऱ्यांपैकी एकानं स्वखुशीनं आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू दिलं किंवा टेप करू दिलं, तर ती छेडछाड होत नाही. खाजगीपणाचं संरक्षण निरपराध नागरिकाला आहे, कायदा राबवणाऱ्या पोलिसांपासून गुन्हेगाराला लपवण्यासाठी नाही, असंही कोर्टानं ऐकवलं.

आजही १०६४ ला फोन करून लाचेची तक्रार द्या आणि पुढे काय होतं ते पाहा. सापळ्याच्या आधी ‘पडताळणी’ असते. तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर, सोबत पंच, आणि साहेबांशी बोलणं. पैसे मागितल्याचं त्यात आलं की पुढचा सापळा. फॉरवर्ड खरं मानलं तर साहेबांना आधी विचारावं लागेल: तुमची मागणी रेकॉर्ड करू का?

हायकोर्टाचा निकाल मात्र हवेतला नाही. ऑक्टोबर २०२३ चा, छत्तीसगड हायकोर्टाचा. बायकोनं पोटगी मागितली होती. नवऱ्यानं तिच्या नकळत फोन रेकॉर्ड केले होते आणि ते समोर ठेवून तिची पुन्हा उलटतपासणी घ्यायला महासमुंदच्या कुटुंब न्यायालयानं परवानगी दिली होती. हायकोर्टानं ती रद्द केली आणि तिच्या पाठीमागे केलेलं हे रेकॉर्डिंग तिच्या खाजगीपणाच्या, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ च्या हक्काचा भंग आहे असं म्हटलं. गुन्हा झाला, नवऱ्याला आत घाला, असं त्यात नाही. हक्काचा भंग आणि फौजदारी गुन्हा यांतला फरक बातमीच्या मथळ्यात मावला नाही आणि फॉरवर्डमध्ये त्याची दोन वर्षं झाली.

नंतर १४ जुलै २०२५ ला भटिंड्याच्या एका जोडप्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं उलट बाजूनं निकाल दिला. तिथे पंजाब-हरियाणा हायकोर्टानं नवऱ्याचं रेकॉर्डिंग बाहेर ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते आत घेतलं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर तो संसार मोडल्याचाच पुरावा आहे, असा एकूण सूर. ही बातमी आली आणि पंधरा दिवसांत उलटं फॉरवर्ड सुरू: ‘आता कुणाचंही रेकॉर्ड करा!’ तेही चूक. हा निकाल नवरा-बायकोमधल्या खटल्यातल्या पुराव्याचा आहे. बायको तिच्या आईवडिलांशी काय बोलते ते नवऱ्यानं टेप केलं, तर तो तिसरा कानच. आंध्र हायकोर्टानं नेमकं तेच बेकायदा ठरवलं होतं. आणि रेकॉर्ड करणं चालतं म्हणून ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं किंवा त्यावर पैसे उकळणं चालत नाही. बदनामी आणि खंडणीची कलमं जागच्या जागी आहेत. मित्राशी गप्पा मारताना लाल बटण दाबणाऱ्या माणसाबद्दल माझं मत विचाराल तर ते छापण्याजोगं नाही, पण तो गुन्हेगार नव्हे.

‘कोर्टात चालत नाही’ याला उत्तर म्हणून १९६७ पासूनचे निकाल आहेत. टेप चालते, पण तिच्या अटी पाळाव्या लागतात आणि लोक हरतात ते तिथे. आवाज कोणाचा ते सिद्ध व्हावं लागतं, मध्ये कापाकापी नको, ऐकू नीट यायला हवं. २०२० मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर सोबत ती कुठल्या उपकरणातून कशी काढली याचं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकानं कोर्टात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, कलम ६३ आलंय. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा, लिहावी लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. आपली मंडळी काय करतात? ‘महत्त्वाचा भाग’ तेवढा कापून वकिलाला व्हॉट्सअ‍ॅप करतात, मूळ फाइल पुसतात आणि फोन एक्स्चेंजमध्ये देतात.

गुगलचं म्हणाल, तर ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांसाठी फोनमध्ये दिलेल्या, सोयीतून कॉल टिपायला बंदी आली, ती कंपनीच्या धोरणानं. त्याच काळात भारतात विकल्या जाणाऱ्या सॅमसंगच्या डायलरमध्ये रेकॉर्डिंग होतंच. आयफोननं २०२४ मध्ये सोय दिली ती ‘रेकॉर्ड होतंय’ ही घोषणा दोघांना ऐकवून, कारण तोच फोन अमेरिकेत कॅलिफोर्नियातही विकायचा असतो. कॅलिफोर्नियात खाजगी बोलण्याला सगळ्यांची संमती लागते, न्यू जर्सीत एकाची पुरते. मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी ऑटो रेकॉर्डिंगचं बटण विमानात बसण्याआधी बघावं.

टेम्पोवाल्याचा फोन मी मागून घेतला. फाइल मॅनेजर, मग ट्रॅश. पुसलेल्या फाइल तिथे तीस दिवस राहत होत्या. दोन मिनिटं चौदा सेकंदांचं रेकॉर्डिंग मिळालं, वेळेसकट. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. अर्जात पहिलं वाक्य त्या वेळेचं लिहिलं, शिव्या दुसऱ्या परिच्छेदात घेतल्या, आणि त्याला बजावलं की महिनाभर हा फोन कुणाला द्यायचा नाही, फॉरमॅट तर मुळीच मारायचा नाही.