‘पार्लरमध्ये ऐकलेलं शास्त्र’ म्हणणाऱ्या वडगावच्या काकांना

काका, त्वचेनुसार लिप बाम कसा निवडावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की ओठांना तैलग्रंथी नसतात, तेव्हा तेलकट, कोरडी, संवेदनशील त्वचा बघून बाम निवडण्यात अर्थ नाही. पेट्रोलियम जेलीची दहा रुपयांची डबी सगळ्यांना पुरते. उन्हात राबणाऱ्यांबद्दल लेखात काही नाही. आणि शेवटी, ‘ताई, पार्लरमध्ये ऐकलेलं शास्त्र म्हणून खपवू नका.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते लागलं. ताई म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा की. बाई सौंदर्यप्रसाधनांवर लिहिते म्हणजे कुठूनतरी कानावर पडलेलंच लिहिणार, हे तुम्ही लेख वाचण्याआधीच ठरवलेलं दिसतं.

माझी आई बेळगावात, अनगोळमध्ये पार्लर चालवायची. घरातल्याच पुढच्या खोलीत. वरच्या ओठाचं थ्रेडिंग करताना समोरचीचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. ओठाच्या कडेला बारीक पुळ्यांची रांग आहे की लालसर, खरखरीत कडं आहे, हे आईला दोरा लावायच्या आधीच दिसायचं. मग विचारायची, ‘रात्री ओठांना काय लावतेस गं?’ पुळ्यावाली बहुतेकदा खोबरेल सांगायची. कडंवाली सांगायची, तो गार लागणारा पुदिन्याचा बाम, दिवसातून कितीदा लावला तरी ओठ उललेलेच. आई ते वहीत टिपून ठेवायची आणि तिला थ्रेडिंग न करताच परत पाठवायची. त्या दिवसाचे पैसे बुडायचे.

पुढे मी बी.फार्म. केलं, आता शहापुरात औषधाच्या दुकानात बसते. पुस्तकात जे वाचलं ते आईच्या वहीशी जुळणारंच निघालं. खोबरेलाने पुळ्यांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेची छिद्रं बुजू शकतात. मेंथॉल आणि कापराने गार वाटतं, पण उललेल्या ओठाला ते चुरचुरतात. गारवा ओसरला की माणूस पुन्हा लावतो, पुन्हा सालपटं निघतात. गोड चवीच्या बामांचं तेच. मुलं चाटत बसतात आणि लाळ सुकताना ओठांचा ओलावा घेऊन जाते.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला लहानपणापासून इसब आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळालेल्या एका बामने ओठ सुजले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या निघाल्या तेव्हा लॅनोलिनच्या जागी लाल, खाजरा चट्टा होता. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ. पुष्कळांना तो उत्तम मानवतो, काहींना अजिबात नाही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२३ सालचा ‘ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं होतं. हेही पार्लरमध्येच ऐकलं असं म्हणणार का?

आता तैलग्रंथी. ओठांच्या लाल भागाला त्या नसतात, हे माझ्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. वाचला असतात तर मला ते शिकवायची वेळ आली नसती. पण बाम काय ओठाची रेघ बघून थांबतो? तो कडेवर पसरतो, आणि कडेच्या कातडीला तैलग्रंथी असतात. म्हणून तेलकट त्वचेच्या मुलीने बाम बघून घ्यायचा. इसब असलेल्याने सुगंध, चव, लॅनोलिन आणि प्रोपोलिस (मधमाश्यांच्या पोळ्यातला डिंकासारखा पदार्थ) टाळायचं. कोरड्या त्वचेच्या माणसाने नुसत्या ग्लिसरीनवर विसंबू नये. त्याच्यावर मेण, शिया बटर किंवा जेलीचा थर हवा. जानेवारीतल्या आपल्याकडच्या सुक्या वाऱ्यात नुसतं ग्लिसरीन आतलंच पाणी ओढतं.

पेट्रोलियम जेली चांगली नाही असं मी कुठे म्हटलंय? पाणी उडून जाणं ती जवळजवळ पूर्ण थांबवते आणि तिची ॲलर्जी क्वचितच कुणाला होते. संवेदनशील त्वचेसाठी पहिलं नाव मी तिचंच दिलंय. मात्र ‘डबी’ म्हणून गल्ल्यावर जे मिळतं त्यात गुलाबाचा वास आणि रंग घातलेलेही प्रकार असतात. मागची यादी वाचल्याशिवाय ‘सगळ्यांना पुरते’ हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? शिवाय आमच्याकडे येणाऱ्या काही जैन कुटुंबांना मधमाशीचं मेण चालत नाही. त्यांना कार्नोबासारखं झाडाचं मेण असलेलं दाखवावं लागतं. खानापूरकडची माणसं कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मागतात. ते थंडीत दगडासारखं घट्ट असतं, बोटांत चोळून ऊब दिली की लागतं, आणि वासाचा त्रास होणाऱ्यांना चांगलं मानवतं. सगळ्यांना एकाच डबीत कोंबायचं तर दुकानात मी बसायचं कशाला?

उन्हाचा मुद्दा मात्र रास्त आहे. मी तो एका ओळीत उरकला होता. खालच्या ओठावर ऊन जास्त पडतं. उसाच्या फडात किंवा तंबाखूच्या शेतात दिवसभर असणाऱ्यांनी एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० चा बाम लावावा, दर दोन तासांनी आणि जेवणानंतर पुन्हा. लेखात हे घालते.



तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पार्लरवाल्या बायकांबद्दलचं ते वाक्य मात्र तुम्ही मागे घ्यावं, एवढी अपेक्षा आहे. माझ्यासाठी नाही, आईसाठी. ती हे सगळं वाचते.