प्रमुख पाहुण्यांनी फुटबॉलवर बोलताना घ्यायची काळजी

भात कापून झालं, शेतं सुकली, की गोव्यात पेडण्यापासून सांग्यापर्यंत गावागावांत फुटबॉलचे चषक सुरू होतात. त्यातल्या एखाद्याचं आमंत्रण यंदा तुमच्या दारात येणार, हे धरून चाला. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक असाल, पतसंस्थेचे अध्यक्ष असाल, किंवा गेल्या पंचायत निवडणुकीत पडलेले (म्हणजेच येत्या निवडणुकीला उभे राहणारे) उमेदवार असाल. फुटबॉल कळण्याची अट नाही. मंडळाने तुम्हाला का बोलावलंय ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मंडळालाही: उपविजेत्यांच्या बक्षिसाची रक्कम अजून उभी राहिलेली नाही.

पैशांचं तुम्ही बघालच. खरी अडचण भाषणाची. 2012 पासून फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे, तेव्हा "खेळात हार-जीत चालायचीच" एवढ्यावर आता भागत नाही. एखाद्या थोर खेळाडूचं नाव घ्यावंच लागतं. इथे नवखे पाहुणे हटकून घसरतात. ते ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव घेतात. अर्जुन पुरस्कार, 2022 ची पद्मश्री, आपल्याच मातीतला गोली, सगळं खरं. पण पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्यांचा खेळ प्रत्यक्ष बघितलेले चार म्हातारे बसलेले असतात. तुमच्या प्रत्येक वाक्याला ते मान हलवतील, आणि ती होकारार्थी नसेल.

थोर पुरुष कसा हवा? लांबचा हवा, दिवंगत हवा, आणि शक्यतो डिफेंडर हवा. डिफेंडरबद्दल काहीही सांगा, कुणी हरकत घेत नाही, कारण कुणाला काही आठवतच नसतं. नेव्हिल डिसोझाने 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी मागे बॅकला कोण उभं होतं, ते विचारून बघा. 1983-84 ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, गोव्याने स्पर्धेत एकही गोल न खाता जिंकली. एकही नाही! हे गोलीबरोबर मागच्या फळीचंही कर्तृत्व, हे कुणालाही पटेल. तरी त्या फळीतली नावं झटकन सांगणारा माणूस भेटला तर त्यालाच प्रमुख पाहुणा करा आणि आपण घरी बसा. महेश गवळी, समीर नाईक ही अलीकडची पोरं देशासाठी खेळली, पण प्रेक्षकांच्या तोंडी त्यांचं नाव जास्त करून केव्हा यायचं? चेंडू त्यांच्या पायांमधून गेला की.

म्हणून सांगतो, डॉ. तालिमेरेन आओ यांना धरा. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावात 1918 साली जन्म, बारा भावंडं, कलकत्त्याला मोहन बागान क्लबच्या बचावात कित्येक वर्षं पाय रोवून उभे, आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान. 2018 मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. तिकीट निघालेल्या माणसाबद्दल बोलण्यात कसलाच धोका नसतो. (याहून जुना माणूस हवा असेल तर मोहन बागानचेच गोष्ठ पाल आहेत. बूट घातलेल्या गोऱ्यांना अनवाणी अडवणारा, 'चीनची भिंत' म्हणून ओळखला गेलेला, पद्मश्री मिळालेला पहिला फुटबॉलपटू. पण भिंतीची उपमा वापरू नका. मैदानाच्या भिंतीचं टेंडर दोन वर्षं अडकलेलं असतं, लोक भलताच अर्थ काढतात.)

आता आओंबद्दल काय सांगायचं आणि काय गिळायचं, ते नीट ऐका.

सुरुवात झेंड्याने करा. स्वतंत्र भारत पहिल्यांदाच ऑलिंपिकला उतरला आणि उद्घाटन संचलनात तिरंगा या डिफेंडरच्या हातात होता. एवढं बोलून थांबा, टाळ्या येतील. फार खोलात मात्र जाऊ नका. त्या दिवशी तुमच्या गावच्या कचेरीवर तिरंगा नव्हता, पोर्तुगीजांचा झेंडा होता, आणि तो उतरायला 1961 चा डिसेंबर उजाडावा लागला, हे कुणीतरी मध्येच काढेल. मग मुक्तिलढा निघेल, कुणाचे आजोबा कुठल्या बाजूला होते ते निघेल, आणि सामना राहील बाजूला.

त्यानंतर पाय. भाषणाचा प्राण इथे आहे, सावकाश बोला. लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. कुणाच्या पायाला पट्ट्या, कुणाच्या नुसतेच मोजे. हे काय, असं तिथल्या पत्रकाराने विचारलं तेव्हा आओ म्हणाले म्हणे, की आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही खेळता तो बूटबॉल. काय टोला आहे! असा टोला आयता मिळालेला असताना स्वतःचं वाक्य रचण्याच्या फंदात पडू नका.

शिवाय त्याचा उपयोग फक्त टाळ्यांपुरता नाही. तुम्ही व्यासपीठावर चढायच्या आधी मंडळाचा सचिव तुम्हाला बाजूला घेऊन सांगणार आहे, "सर, भुरग्यांक बूट जाय आशिल्ले." (पोरांना बूट हवे होते.) समोर बघाल तर खरंच दोघांत एक जोडी. आतला बाहेर आला की बांधाला टेकून बूट काढतो, बदली खेळाडू ते घालून आत धावतो, आणि त्याचा नंबर आठ असला तरी बूट दहाचाच. अशा वेळी मनाला जे लागतं, त्यावर बूटबॉलचा टोला हा जालीम उपाय आहे. त्यागाची गोष्ट सांगितली की खर्चाची गोष्ट आपोआप मागे पडते. अनवाणी पायांनी देशाची शान राखणाऱ्या महापुरुषाच्या नावाने टाळ्या वाजवल्यावर बूट मागायला कुठल्या सचिवाची जीभ उचलेल?

मात्र 1952 चा उल्लेख चुकूनही नको. त्या वर्षी हेलसिंकीला, तिथल्या थंडीत, आपले बरेचसे खेळाडू पुन्हा अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं हाणलं. पुढे देशाच्या फुटबॉल फेडरेशनने बूट सक्तीचे केले. हे एकदा कळलं की तुमच्या टोल्यातली हवाच निघून गेली. लंडनहून चार वर्षांत हेलसिंकीला पोचलेली ही गोष्ट भाषणात नेहमी लंडनलाच थांबवायची असते. आणि आओ तर वैद्यकीयचे विद्यार्थी होते. नडगीवर बुटाच्या तळाचा स्टड बसला तर आत काय होतं, ते त्यांना त्या पत्रकारापेक्षा जास्त ठाऊक असणार. परक्या देशात अंगावर आलेला खवचट प्रश्न त्यांनी हजरजबाबीपणे परतवला, कुठल्याही चांगल्या बॅकने परतवावा तसा. त्या परतवलेल्या चेंडूला आपण गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं गोल म्हणतोय, हे माझं खासगी मत. तुम्ही ते वापरायचं नाही. आणखी एक. बोलण्याच्या भरात स्वतःची चप्पल काढून अनवाणी मैदानात उतरू नका. कापलेल्या भाताची धसकटं अजून तशीच असतात.

1950 च्या विश्वचषकाचाही विषय काढू नका. "अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून आपण गेलो नाही" ही गोष्ट ऐकायला बहारदार आहे, पण आओंच्या संघातलेच शैलेन मन्ना यांनी पुढे सांगून टाकलं की बुटांची सबब मागाहून आली. फेडरेशनला तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची किंमतच वाटली नव्हती. फेडरेशनला किंमत वाटली नाही, असं वाक्य व्यासपीठावर उच्चारणं बरं नव्हे. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय, बघितलंत ना?

निकाल विचारलाच तर "फ्रान्सला अटीतटीची झुंज दिली" म्हणा. 31 जुलै 1948, लंडनजवळचं इलफर्ड, 1-2. रामनने बरोबरी साधून दिली होती, सामना संपता संपता फ्रान्सचा दुसरा गोल झाला. एवढं चालेल. दोन पेनल्ट्या वाया गेल्या, हे नको. त्यातली एक मन्नांची होती, आणि पेनल्टी चुकवलेल्या त्याच मन्नांना तीन वर्षांनी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत कप्तान केलं, आणि त्यांनी सुवर्णपदक आणलं. हे ऐकून मंडळाची पंचाईत होईल. गेल्या रविवारी पेनल्टी बाहेर मारलेल्या पोराला त्यांनी कालच संघातून काढलंय, आणि त्याचा बाप लाऊडस्पीकरवाला आहे.

यानंतर पाहुण्यांचा लाडका भाग येतो, अभ्यासाचा. वडील आजारपणात गेले, मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती, आणि या मुलाने खेळता खेळता कलकत्त्यात वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. आर्सेनलसारख्या क्लबचं बोलावणं आलं होतं, ते नाकारून आओ परतले, असंही सांगितलं जातं. पालकवर्ग इथे सुखावतो. दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात तोवर फुटबॉल, मग बूट माळ्यावर, हे त्यांचं धोरण आधीच ठरलेलं असतं. तुम्ही त्याला फक्त ऑलिंपिकचा शिक्का मारून द्यायचा.

पण "लंडन सोडून मायदेशी परतले" हे वाक्य गाळा. समोरच्या संघाचा लेफ्ट बॅक पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांसाठी पणजीला खेपा घालतोय, स्टॉपर (बचावातला मधला गडी) जानेवारीत बोटीवर चढणार आहे, आणि आयोजकांच्या फलकावर सौजन्य म्हणून ज्यांचा फोटो आहे ते स्वतः इंग्लंडातल्या गोदामात रात्रपाळी करतात. सुट्टीला आले की पहिले मैदानावर येतात बिचारे. ही मंडळी गेली नसती, तर तुमच्या चषकाला चषक तरी कुठून आला असता? इथे राहून फुटबॉलवर पोट भरायची सोय एके काळी होती. क्लबात खेळायचं आणि त्याच कंपनीत नोकरी करायची. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब 2016 मध्ये आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेतून बाहेर पडले. याबद्दल भाषणात चकार शब्द काढायचा नाही. दुःखद निधनाच्या बातम्या उद्घाटनाला देत नाहीत.

एक धोका राहिला, तो सगळ्यात मोठा. आओ डॉक्टर झाले हे सांगून तुम्ही थांबाल, पण निवेदक थांबत नाही. तो फोनवर शोधून पुढचं वाचून दाखवेल: हा ऑलिंपिक कप्तान नागालँडला परतला, कोहिमाला सरकारी दवाखान्यात सर्जन झाला, पुढे राज्याच्या आरोग्य खात्याचा संचालक होऊन 1978 मध्ये निवृत्त झाला. म्हणजे कीर्ती शिगेला असताना माणूस दवाखान्यात जाऊन बसला आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथेच राहिला. अशा माणसाचे सत्कार करणं फार गैरसोयीचं. सत्काराला हजर राहायला त्याला वेळच नसतो.

हे वाचून झालं की लोकांच्या नजरा आपोआप मैदानाच्या कडेला वळतात. तिथे प्रथमोपचाराची पेटी असते. तिच्यात बर्फ असतो, स्प्रेचा रिकामा डबा असतो, आणि स्कोअर लिहायची वही असते. डॉक्टर नसतो. रुग्णवाहिकेला मंडळाने पत्र दिलेलं असतं.

तेव्हा भाषण आटोपतं घ्या. "चड लांबोवं नाकात, काळोख जातलो," (फार लांबवू नका, काळोख होईल) असं सचिव सांगेलच. चेंडूला पाय लावा, फोटो काढून घ्या, आणि मुख्य म्हणजे गाडी आल्या आल्या तोंड रस्त्याकडे करून लावून ठेवा, मध्यंतराआधी निघता येईल अशी. उत्तरार्धात कुणा तरी स्टॉपरचा गुडघा सुजतो, आणि मग मैदानावर चार चाकांचं जे काही उभं असेल त्यातून त्याला म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या इस्पितळात न्यायची वेळ येते. तुमच्या सीटची कव्हरं नवी आहेत.