अलेनिचेव्ह: दोन फायनल, दोन बढत्या आणि दोनदा तळ

रशियन फुटबॉलचा विषय निघाला की आपली गाडी अर्शाविनपाशी थांबते. फार तर मोस्तोवोईपर्यंत जाते. दिमित्री अलेनिचेव्हचं नाव कुणी घेतलंच तर "मोरिन्योच्या पोर्टोतला तो बदली खेळाडू ना?" एवढंच. (पोर्टो हा पोर्तुगालचा क्लब, मोरिन्यो तेव्हा त्याचा प्रशिक्षक.) या बदली खेळाडूने लागोपाठ दोन वर्षं युरोपियन फायनलमध्ये गोल मारलाय. २००३ला सेव्हियात यूएफा कप, २००४ला गेल्सनकिर्शेनमध्ये चॅम्पियन्स लीग. आणि सेव्हियात तो बदली नव्हताच, पहिल्या मिनिटापासून खेळत होता.

मूळचा प्स्कोव्ह भागातला. लोकोमोटिव्ह मॉस्कोतून १९९४ला स्पार्ताकमध्ये आला आणि तिथे घडला. स्पार्ताकच्या खेळात एक शब्द सारखा येतो, 'स्तेन्का', म्हणजे भिंत. पास द्यायचा, पुढे पळायचं, एका स्पर्शात परत आलेला चेंडू घ्यायचा. पास देऊन जागेवर उभा राहिलेला मिडफिल्डर या पद्धतीत निरुपयोगी. अलेनिचेव्हच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की पुढे रोमा आणि पेरुजियात त्याची नीट सांगड बसली नाही, पण २०००मध्ये पोर्टोत गेल्यावर तीच सवय कामाला आली.

मोरिन्योच्या त्या मिडफिल्डची आखणी चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी होती. तळाला कोस्टिन्या, टोकाला डेको, मधे दोन्ही बाजूंना एकेक. सेव्हियात डावी बाजू अलेनिचेव्हची, उजवी मानिशची. या रचनेची गंमत आणि धोका एकाच ठिकाणी आहे. मैदान ६८ मीटर रुंद, आणि कडेला विंगर नाहीत. रुंदी फुलबॅकनी, म्हणजे कडेच्या बचावपटूंनी द्यायची, पाउलो फरेरा आणि नुनो व्हालेंते यांनी. ते वर गेले आणि नेमका तेव्हाच चेंडू गेला, तर दोन्ही कडा उघड्या. मग बाजूच्या मिडफिल्डरने आधी आत खेळायचं, पुढच्या क्षणी कडेला धावत जाऊन भोक बुजवायचं. नुसता कलाकार इथे चालत नाही, फुप्फुसं लागतात. त्यात कोस्टिन्या नवव्या मिनिटालाच जखमी होऊन बाहेर गेला, म्हणजे तळाचा दगडच निघाला.

तरी स्कॉटलंडच्या सेल्टिकविरुद्धचा हा सामना पोर्टोने ३-२ असा जिंकला. पोर्टोचे पहिले दोन गोल मुद्दाम बघावेत. हाफटाइमच्या तोंडावर डेकोचा चेंडू आला, अलेनिचेव्हने तो थेट हाणला, गोलकीपर डग्लसने अडवला आणि उसळलेल्या चेंडूवर डेरलेईने गोल केला. सेल्टिकच्या लार्सनने बरोबरी साधल्यावर ५४व्या मिनिटाला डेकोने चेंडू धरून ठेवला आणि बचावफळीच्या पोटातून सरकवला. मागून आलेला अलेनिचेव्ह एकटा सुटला होता.

हे 'मागून येणं' म्हणजे काय, ते जरा उलगडून सांगतो, कारण कॉमेंटरीत हे 'योग्य वेळी योग्य जागी' म्हणून उरकतात. मिडफिल्डर आधी बॉक्सच्या बाहेर थांबतो. स्ट्रायकर हलला की सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, त्याच्यामागे जातो, जागा रिकामी होते. तरीही लगेच पळायचं नाही. पास देणाऱ्याचा शेवटचा स्पर्श होऊन त्याची मान वर झाली की निघायचं, तेही बचावपटूच्या पाठीमागून, म्हणजे चेंडू आणि तुम्ही दोघंही एका नजरेत त्याला दिसत नाही. दोन पावलं आधी निघालात तर ऑफसाइड, नाहीतर मार्कर चिकटतो. दोन पावलं उशीर झाला तर चेंडू गोलकीपरच्या हातात. शिवाय तुम्ही पुढे गेलात की मागे तुमची जागा मोकळी पडते, ती कोण झाकणार हे आधीच ठरलेलं हवं.

२००४च्या फायनलमध्ये मोनॅकोविरुद्ध तो ६०व्या मिनिटाला कार्लोस अल्बेर्तोच्या जागी आला, १-० असताना. ७१व्या मिनिटाला प्रतिहल्ल्यात त्याच्या पासवर डेकोचा गोल. ७५व्याला डेरलेईचा चेंडू बचावपटूला लागून उडाला आणि अलेनिचेव्हने तो जाळ्याच्या छतात घातला. पंधरा मिनिटांत एक पास, एक गोल. मग ३-० आणि विषय संपला.

त्याच वर्षी तो स्पार्ताकला परतला आणि तिथे शेवट वाईट झाला. एप्रिल २००६मध्ये 'स्पोर्ट-एक्सप्रेस'ला मुलाखत देऊन त्याने प्रशिक्षक अलेक्सांद्र्स स्तार्कोव्ह यांच्यावर उघड टीका केली. हे तेच स्तार्कोव्ह, ज्यांनी लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशाला युरो २००४मध्ये नेलं होतं. क्लबने अलेनिचेव्हला संघाबाहेर काढलं. त्याच महिन्यात स्तार्कोव्हही गेले, पण त्याला काही परत घेतलं नाही. कारकीर्द तिथेच संपली. पुढे काही वर्षं ओम्स्क भागाचा प्रतिनिधी म्हणून रशियन संसदेच्या वरच्या सभागृहात बसला. हा काळ सोडून दिला तरी चालेल.

प्रशिक्षक म्हणून खरं काम तुलात. मॉस्कोच्या दक्षिणेला समोवार आणि बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, क्लबचं नावही आर्सेनल, म्हणजे शस्त्रागार. २०११ला संघ हौशी लीगमध्ये होता, २०१४ला प्रीमियर लीगमध्ये. एवढी चढण रशियात फार थोड्यांनी चढलीय. आणि पहिल्याच हंगामात संघ शेवटचा, १६वा. थेट खाली.

सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या येनिसेई क्लबात हेच पुन्हा. मे २०१८च्या प्लेऑफमध्ये वरच्या लीगमधल्या अंजीला घरी ३-० हरवलं, परतीचा सामना ३-४ गमावला, एकूण ६-४ ने वर. विनोद असा की पेर्मचा आमकार क्लब पैशाअभावी बंद पडला, त्यामुळे हरलेला अंजीही लीगमध्ये राहिला. वर्षभराने तळाचे दोन कोण? अंजी १५वा, येनिसेई १६वा.

यात सगळा दोष त्याचा नाही. क्रास्नोयार्स्कचं घड्याळ मॉस्कोच्या चार तास पुढे. बाहेरच्या संघाला तिकडे हंगामात एकदाच जावं लागलं, येनिसेईला मात्र १५ वेळा विमान पकडावं लागलं. त्यात मैदानावर एका वेळी सहाच परदेशी, हा तेव्हाचा नियम. म्हणजे बरे रशियन खेळाडू मोठे क्लब चढ्या पगारावर अडवून ठेवणार आणि नव्याने वर आलेल्याला उरलंसुरलं मिळणार.

पण माझं मत असं की मोठं कारण खेळात आहे. खालच्या लीगमध्ये चेंडू बहुतेक वेळ तुमच्याकडे असतो, वर गेल्यावर तो समोरच्याकडे. वर जाणं एक काम, टिकणं दुसरं. टिकायचं तर फुलबॅकना आवरायचं, ओळींमधलं अंतर कमी करायचं, ०-० वर समाधान मानायचं. अलेनिचेव्हच्या स्वभावातच हे नाही. लहानपणापासून जो पास दिला की पुढे पळत आला, तो दुसऱ्यांना मागे थांबायला कसं शिकवणार?

आर्सेनल आणि येनिसेईच्या मधे स्पार्ताक. २०१५ला घरचाच माणूस म्हणून आणला, हंगामअखेर संघ पाचवा. २०१६च्या उन्हाळ्यात मासिमो कारेरा त्याच्या हाताखाली आला, मुख्यतः बचाव सुधारायला. जुलै-ऑगस्टमध्ये सायप्रसच्या एईके लार्नाकाने तिकडे १-१ आणि मॉस्कोत ०-१ असा धक्का दिला, अलेनिचेव्ह पायउतार झाला आणि कारेराने त्याच हंगामात २००१नंतरचं पहिलं विजेतेपद आणलं. लोक म्हणतात, अलेनिचेव्हच आडवा होता. मला हे अर्धंच पटतं. संघातले बरेच खेळाडू तेच होते, विंगर प्रोमेस तोच होता. कमी होती ती मागच्या शिस्तीची, आणि ती देणारा माणूस एक महिना आधी शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

ज्यांना वेळ आहे त्यांनी २००४च्या फायनलचं ६० ते ७५ मिनिटांचं फुटेज काढा. चेंडूकडे बघू नका, १५ मिनिटं फक्त अलेनिचेव्हकडे बघा. पळण्याआधी तो किती वेळ उभा राहतो ते मोजा.